पाचव्या रांगेतली डावी खिडकी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अप्पांना परस्पर विमानात बसवू नकोस, असं तू लिहिलंस. परस्पर नाही, त्यांच्याच सांगण्यावरून पाठवतोय. नजर वर्षअखेरपर्यंतच टिकेल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं ज्या डोंगरांत रस्त्याची मोजणी केली, त्यांतला आपला घाट एकदा वरून बघायचाय, एवढंच अप्पांनी मागितलं.

तीन दिवस नकाशा घेऊन बसलो होतो. विमान सकाळी उत्तरेकडे जातं. डोंगर डाव्या हाताला, ऊन उजवीकडून, म्हणजे डोळ्यांवर तिरीप नाही. आठव्या रांगेपासून पंख आडवा येतो आणि सहावीला खिडकीच्या जागी नुसती भिंत आहे. म्हणून पाचव्या रांगेतली डावी खिडकी घेतली. पंधरा तारखेला उतरवून घे. यात तरी खोट काढू नकोस.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायची सक्ती नाही.
छोट्या

९ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

नकाशा वाचलास, बापाचं वय नाही वाचलंस. अप्पांना तासात दोनदा उठावं लागतं. दोन परक्यांच्या गुडघ्यांवरून धडपडत जायचं का त्यांनी? गेल्या वर्षी तुझ्याच बाथरूममध्ये पडले. मोडलेला पाय दोन महिने मी सांभाळला, तू फोनवरून चौकश्या केल्यास.

तिकिटावर माझाही नंबर आहे, तेव्हा काल फोन करून जागा बदलून घेतली. शेवटची रांग, कडेची सीट, संडास दोन पावलांवर. परतीचं तिकीट काढू नकोस. ते आता माझ्याकडेच राहतील.

रागावलास तरी आशीर्वाद आहेतच.
ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

विमान भरलंय, जागा परत मिळत नाही. मी अप्पांना काही सांगितलेलं नाही. तू बदललीस, तूच सांग. आणि कुठे राहायचं ते ठरवणारी तू कोण?

मला यापुढे पत्र नको.

२० फेब्रुवारी

चि. दोघांस,
अ. उ. आ.

हे पत्र मी सांगतोय आणि माझ्या जुन्या सोबत्याची सून लिहून घेतेय. मोजणीच्या वेळी साखळी धरायचा, तोच हा सोबती.

जागा बदलल्याचं मला विमानात चढल्यावर कळलं. डाव्या खिडकीशी एक शिवणकाम करणारी बाई होती. तिला सगळं सांगितलं, तिने उठून जागा दिली. पहाटेपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता, त्यामुळे एकदाही उठावं लागलं नाही.

नंतर चार दिवस ताईच्या घरी तुमची फोनवरची भांडणं ऐकली. मला कुणी ठेवून घ्यायचं, यावर दोघंही तावातावाने बोललात. घाट दिसला का, हे एकानेही विचारलं नाही. सोबत्याने दारातच विचारलं. त्याला तासभर सांगत बसलो. तुम्हाला लिहिणार नाही.

काल इथे राहायला आलो. भेटायला यायचं तर दोघांनी एकाच गाडीने या. वेगवेगळे आलात तर मी घरात नसेन.

तुमच्यावर माया आहे, पण सध्या ती इथेच असू दे.
अप्पा