न सोललेला बैल

बाबा,

तुम्हांला अक्षर येत नव्हते, हे ठाऊक असूनही हे पत्र लिहितो आहे. तुमच्या हयातीत लिहिले असते तर ते वाचून घेण्यासाठी तुम्हांला कोणाच्या तरी दारी जावे लागले असते, आणि माझी वाक्ये कोणी अडखळत, भलत्या जागी थांबत वाचावीत, हे मला खपले नसते. आता तो प्रश्न उरला नाही. आज माझे मन प्रसन्न आहे. बाळापूरचा एक कातड्यांचा व्यापारी तीन आठवडे माझ्या देखरेखीखाली होता. तो सकाळी बरा होऊन घरी गेला. त्याच्या मनगटाच्या वर काळपुळी झाली होती. मधोमध कोळशासारखी खपली, भोवती पाणीदार फोडांचे कडे, आणि कोपरापर्यंत चढलेली सूज. इतके दिवस का थांबलात, असे मी पहिल्याच भेटीत दरडावून विचारले. तो म्हणाला, "डाक्टरसाब, दुखतच नव्हतं, तं येऊ काहून? दुखलं असतं तं बायकोच्या आधी तुमाले सांगतलं असतं." न दुखणे हीच त्या पुळीची लबाडी, हे त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. समजले किती, याची खात्री नाही. पण हात वाचला, आणि माणूसही.

त्या फोडातल्या पाण्याचा थेंब मी काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मदतनीसाने काच नीट पुसली नव्हती. त्याला तीनदा पुसायला लावली. मग ते दिसले. ज्वारीच्या धांड्याची पेरे एकापुढे एक मांडावीत, तशा निळ्या काड्यांच्या रांगा. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण जिवंत असतात. खरचटलेल्या कातडीतून ते माणसात शिरतात, चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात, आणि एकदा आत गेले की एकाचे दोन, दोनाचे चार होत रक्त व्यापतात, त्यात आपले विष सोडतात. संध्याकाळी कडबा खाल्लेला बैल उजाडायच्या आत आडवा होतो तो यांच्यामुळेच. आपल्याकडे त्याला फाशी म्हणतात. मी बराच वेळ नळीवरून डोळा काढला नाही. मदतनीसाला वाटले असेल, साहेब काही शंका काढताहेत. शंका कसलीही नव्हती. मला तुमची आठवण येत होती.

दूर अमेरिकेत लढाई जुंपली म्हणून आपल्या पांदणीतून कापसाच्या गाड्यांची रीघ लागली, ती वर्षे. बोजे जड व्हावेत म्हणून जो तो कापसात सरकी, रेती, पाणी मिसळत होता. तुम्ही मात्र वेचलेला कापूस पुन्हा अंगणात पसरून त्यातली वाळकी पत्ती नखाने काढत बसायचात. अमरावतीच्या बाजारात गाडीवानांनी तुमची टर उडवलेली मी ऐकली आहे: "काय बुवा, कापूस इकून राहिले का पोरीले नवरी सजवून राहिले?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नवरीच हाये. तुमी आपली विधवा इका." माझ्या अंगी जी काटेकोर वृत्ती आहे, तिचे श्रेय मी पुष्कळ वर्षे अकोल्याच्या शाळेला देत आलो. ते चुकीचे होते.

संक्रांतीसाठी मी अकोल्याहून घरी आलो होतो. वय सतरा, वर्गात पहिला, आणि तसे कोणी विचारले नाही तरी सांगणारा. तुम्ही अमरावतीहून गाडी घेऊन परतला होता; वाटेत पडावावर बैल मोकळे चरले होते. दुसऱ्या सकाळी पांढरा बैल गोठ्यात मरून पडलेला. नाकातून रक्त आलेले, काळपट, न गोठणारे. मी दाराशी उभा आहे, आई पदर तोंडाला लावून रडते आहे, आणि तुम्ही बैलाला हात न लावता लाकडाने त्याचे तोंड वळवून पाहता आहात. तेवढ्यात तो आला, आपल्या विहिरीची चामड्याची मोट शिवणारा. गावात ढोर मेले की त्याचे कातडे सोलण्याचा हक्क त्याच्या घरचा. त्या हंगामात एवढ्या गाड्या चालत होत्या की चामड्याचे पट्टे त्याला पुरवता येत नव्हते. तुम्ही म्हणालात, "याले सोलायचं नाई. सगळाच्या सगळा पुरायचा." तो ताठ उभा राहिला. "बैल तुमचा, मालक. पन कातडं माहं." तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुहंच हाये. त्याच्या बदली खळ्यावरची जवारी ने. पन याच्या आत जे हाये ते अजून जितं हाये. त्याले वाट देऊ नोको."

मला शरम वाटली. चार माणसे जमली होती, आणि माझा बाप मेलेल्या बैलात काहीतरी जिवंत आहे असे सांगत होता. मी सर्वांसमक्ष बोललो. रोग दूषित हवेतून पसरतात, कुजक्या वासातून येतात, असे आमचे गुरुजी सांगतात. हा सारा भुताखेतांचा भ्रम आहे. तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुमच्या शाळेत नाकानंच शिकवते काय रे? वासानं मरते म्हन्तो, तं सडकं ढोर खाऊन गिधाडं काहून जगते?" लोक हसले. मग तुम्ही आवाज खाली आणून सांगितले, की तरुणपणी गाडीवानी करताना तुम्ही पाहिले होते: जिथे असा बैल फाडला त्या जागी चरलेले बैल पुढच्या साली मेले, आणि जिथे अख्खा पुरला तिथे काही झाले नाही. मी ऐकून घेतले नाही; मी हसणाऱ्यांचे चेहरे मोजत होतो. तुम्ही खोल खड्डा खणवला, बैल गोणपाटावर घेऊन ओढत नेला, गोणपाटासकट आत लोटला, चुना टाकला, माती लोटली आणि वर बाभळीच्या काट्या रचल्या.

आता मला ठाऊक आहे, की देह अखंड राहिला तर ते जंतू आतल्या कुजण्यात आपोआप मरतात; पण कातडे फाडून रक्ताला हवा लागली, की ते टणक बीजाचे रूप घेतात, आणि ते बीज काळ्या मातीत वर्षानुवर्षे तग धरते. आमच्या गुरुजींनी हवेला दोष दिला तो चुकीच्या जागी दिला. वाट देऊ नोको, या तुमच्या तीन शब्दांत दुरुस्त करण्यासारखे मला काही सापडत नाही, आणि मला ते सहसा सापडते.

त्या दुपारी तो मोट शिवणारा मला विहिरीपाशी एकटा भेटला. "धाकले मालक, तुमी सायबाच्या शाळेत शिकता. खरं सांगा, त्या कातड्यात काई हाये का?" मी सांगितले, काही नाही. कातडे म्हणजे कातडे. वास टाळावा म्हणजे झाले. उद्या उजाडता खड्डा उकरा, आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहून काढा. वाऱ्याची दिशासुद्धा मी सांगितली, बाबा. त्याने तसेच केले. काट्या बाजूला सारताना त्याच्या हातावर ओरखडा उठला, त्याच हाताने त्याने कातडे सोलले, आणि जंतूंना जी वाट तुम्ही बंद केली होती ती तुमच्याच कुंपणाच्या काट्याने उघडली.

चौथ्या दिवशी खाज, मग फोड, मग ती काळी खपली. हात खांद्यापर्यंत सुजला, अंग तापाने फणफणले, आणि त्याची बायको तुम्हांला न्यायला आपल्या घरी आली. तुम्ही विळ्याचे टोक निखाऱ्यात लाल केले आणि पुळी डागली. त्याच्या घरातून ते कातडे काढून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर जाळले. गावाबाहेरच्या त्या घरी तुम्ही रोज जाऊन बसत होता. गावाने नावे ठेवली, ती तुम्ही ऐकलीच नाहीत. एकदा मी बरोबर होतो. तुम्ही त्याला विचारलेत, "कोन सांगतलं रे तुले उकरायले?" तो छताकडे पाहत म्हणाला, "कोन सांगते? माह्या मनानं गेलो." तुम्ही कडुनिंबाच्या पाण्याने जखम धूत म्हणालात, "असन कोनी. सांगनाऱ्याचा हात तं साबूत हाये." मी पाण्याचे भांडे धरून उभा होतो. त्यातले पाणी संपले तसा मी नवे आणायला बाहेर गेलो.

तो वाचला. हात थोडा आखडला, पण टाका पूर्वीसारखाच सरळ पडे. मी अकोल्याला निघालो तेव्हा त्याने नव्या वहाणा आणून माझ्यापुढे ठेवल्या. "घाला, धाकले मालक. म्या कोनाले सांगतलं नाई." मग जाता जाता हसून म्हणाला, "अन् वारा बी तुमी म्हन्ला तसाच होता, बरं." त्या वहाणा मी दोन वर्षे वापरल्या. पायाला इतक्या नेमक्या बसणाऱ्या वहाणा पुढे मुंबईतही मिळाल्या नाहीत.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोकावलो. आता दरवर्षी हाताखालच्या विद्यार्थ्यांना मी या रोगाचा पाठ देतो, आणि त्यात तुम्ही असता. माझा बाप निरक्षर होता, त्याने जंतू कधी पाहिला नाही आणि तरी तो चुकला नाही, हे मी अभिमानाने सांगतो. तुमचे वाक्य तुमच्याच बोलीत म्हणून दाखवतो, शुद्ध करत नाही. हे पत्र कुठे धाडायचे नसल्यामुळे आणखी एक गोष्ट लिहून टाकतो. पाठात त्या कातड्याची गोष्ट आली, की मी म्हणतो, गावातल्या कोणा अर्धवट शिकलेल्याने त्या बिचाऱ्याला तसे सांगितले होते, वाऱ्याच्या दिशेसकट. विद्यार्थी त्या माणसाला खो खो हसतात. बाबा, मीही त्यांच्याबरोबर हसतो.