कांबळ्यातलं पाणी

आबा,

तुमचं कांबळं अजून दाराशीच आहे. कागदाच्या मिलमध्ये ओल्या कागदाखालून फिरणारा जाड लोकरी पट्टा झिजून निघाला, तेव्हा त्याचा तुकडा तुम्ही घरी आणला होता. साहेब लोक त्याला फेल्ट म्हणायचे, कागद दाबायच्या प्रेसवर काम करणारे तुम्ही सगळे कांबळं. पाळी संपवून ओल्या पायजम्यानं नवागामला घरी यायचात आणि आई तुम्हाला खाटेवर टेकू द्यायची नाही. मग कांबळ्यावर बसून चहा. तुम्ही उठलात की ते दमट लागायचं.

एकदा मी ते धुऊन पिळायला घेतलं, तर केवढे ओरडलात! "पिळू नको, दाब." मग माझ्या वहीचं पान भिजवून त्याच्यावर पसरलंत आणि आईचं लाटणं वरून फिरवलंत. मिलमध्ये दोन लोखंडी रूळ हेच करतात म्हणे, कागदाचं पाणी कांबळ्यात उतरवतात. एकदम जोर लावला तर पाण्याला वाट मिळत नाही आणि कागदच फाटतो, म्हणून बेताबेतानं. "मनं लाटनं द्या आधी," आई मागून म्हणतेय, आणि मी खुळ्यासारखी पानाकडे बघतेय. तुम्ही खेकसलात, "उचल ना लवकर! दाब सुटना का कागद पाणी परत पी लेस." मी उचललं तोवर पान पुन्हा गार, जड झालेलं.

आईला आता फारसं काही आठवत नाही. पाळी सुटायच्या वेळेला ती उठते आणि हाताची मागची बाजू कांबळ्याला लावते. कोरडं लागलं की तुम्हाला शोधायला निघते. मागे एकदा अनवाणी दिंडोलीच्या पुलापर्यंत गेली होती. ओलं लागलं की हसते. "वल्लं शे वं. उनात तुना आबा. मोरीमा व्हतीन." तिच्या लेखी तुम्ही आलात, मोरीत हातपाय धुताय. मग शहाण्यासारखी जेवते. म्हणून रोज त्याआधी मी तांब्याभर पाणी शिंपडते आणि तळव्यानं दाबून बसवते. खोटं माझंच, पण भीती मलाच वाटते. मोरीचा पडदा हलला तरी माझा आवाज खाली येतो. तेराव्याला शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, कपड्यांबरोबर हेही देऊन टाका. कपडे दिले, हे राहिलं. तेव्हाच उचलायला हवं होतं. आता तुम्ही गेलात ते सगळं दुःख पुन्हा आत मुरलंय.

आज मी कामाला जाते त्या उधन्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या उरकेनात, रिक्षाही मिळेना. कांबळं कोरडं असणार आणि आई पुलावर, या धसक्यानं मी गल्लीतून पळत आले. आई दाराशीच बसली होती. हातात रिकामा तांब्या, कांबळं चिंब.

"आई, हे काय केलंस?"

"तू घाबरस ना. वल्लं दिसनं का तुले बरं वाटस." आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत, "तुना आबा तं गयात ना वं बाई."

किती दिवसांपासून ती हे जाणून होती, की फक्त आजच्यापुरतं आठवलं, कोण जाणे. मग ती नेहमीसारखं आपल्या चुलत्यांबद्दल काहीबाही बोलू लागली. मी भात लावला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कांबळ्याखाली ठेवलं तर शाई फुटेल. एवढंच सांगते. तिचं ते ऐकल्यावरही, ती जेवायला वळल्यावर, मी हाताची मागची बाजू कांबळ्याला लावून बघितली. आणि मोरीकडे तोंड करून विचारलं, "चहा ठेवू का?"