किल्ली साहेबांच्या खणात

मी, वैजयंती जोतीराम गवळी, वय ५८, विद्यापीठातून यंदाच्या मे महिन्यात निवृत्त झालेली प्रयोगशाळा सहायक, राहणार जुळे सोलापूर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. संताप पुष्कळ आहे, पण त्याने अक्कल गेलेली नाही. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. तसले लिहायचे ते नोकरीतच लिहून झाले.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव अपेक्षा गुंडा कोळेकर हिला मिळावी. ती माझ्या नात्यातली नव्हे. मंद्रूपच्या मेंढपाळाची मुलगी, एका पायाने अधू, आमच्याच विभागात एम.एस्सी. करत होती.

२. घर तिलाच का, ते सांगते. विभागात मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली विभागप्रमुख बापूसाहेबांच्या खणात. मुलांच्या संडासाला कधी कुलूप नव्हते. मुलींनी मात्र साहेबांसमोर उभे राहून किल्ली मागायची आणि साहेबांनी सावकाश वरपासून खालपर्यंत बघायचे. मुली दिवसभर पाणी पीत नसत. एकोणतीस वर्षे मीही प्याले नाही. महिला दिनाला गुलाबाचे फूल मात्र हसत घेतले.

जानेवारीत साहेब अपेक्षाला म्हणाले, "आधी दार लाव, मग किल्ली." ती तशीच बाहेर आली आणि तिने लेखी तक्रार दिली. तक्रार समितीवर मी होते. आमची रीत अशी, की तपासणीला कागद तयार हवेत म्हणून वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्ते जूनमध्येच लिहून ठेवायची. प्रत्येक पानावर "एकही तक्रार नाही" आणि खाली सह्या. चहा पिता पिता मी बाराही पानांवर सही केली होती. त्यामुळे जानेवारीचे पान तिच्या तक्रारीआधीच भरलेले होते. चौकशी झालीच नाही. उलट हजेरी कमी दाखवून पोरीचे नाव पटावरून काढले.

ती माझ्या घरी आली, तेव्हा एवढेच म्हणाली, "मावशी, तुमी तर शेजारच्याच खोलीत व्हता की." 

३. पुतण्या ऋतुराज विद्यापीठाच्या कार्यालयात आहे. तो म्हणाला, "काकू, सही तुमचीच हाय. आता गप बसा की." त्याला काही देऊ नये. गप बसण्याचा त्याला पगार मिळतो.

४. बापूसाहेबांना माझ्या कपाटातले पितळी कुलूप द्यावे. ते त्यांनी स्वतःच्या घरच्या संडासाला लावावे, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी आणि रोज मागायला जावे.

५. अपेक्षाची तक्रार खरी आहे. जानेवारीचे इतिवृत्त खोटे आहे. त्याखालची सही माझी आहे. याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे.

६. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडण्यासाठी नाही. सोमवारी अपेक्षाच्या फेरप्रवेशाची सुनावणी आहे. तिथे कुलगुरूंसमोर मी स्वतः हे मोठ्याने वाचणार आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि मी मरेपर्यंत थांबायला त्या पोरीला सवड नाही.

साक्षीदार:
१. सिद्रामप्पा बिराजदार, शेजारी. (सही)
२. बनाबाई कांबळे, विभागातील सफाई कामगार. (सही) सही करून म्हणाली, "सोमवारी मी बी येते. मलाबी लई सांगायचं हाय."

वैजयंती जोतीराम गवळी (सही)
सोलापूर, ८ ऑगस्ट २०२५