दोन ठोक्यांमधला डाग

मी, यशोदाबाई प्रेमराज भंगाळे, वय ६६, राहणार जळगाव, शिक्षण सातवी, पुढचं वाचन घरी. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. मूलबाळ नाही. माझ्यामागे असं करावं.

१. राहतं घर दीर रतिलाल यांना. "वहिनी, माळ्यावरची रद्दी कधी काढायची?" असं त्यांनी यजमानांच्या तेराव्यालाच विचारलं होतं. घर घ्या, भाऊ. रद्दीला हात लावू नका.

२. ती रद्दी, म्हणजे यजमानांच्या एकोणीस वह्या, लॅपटॉप आणि माइक, त्यांची विद्यार्थिनी पुनम तायडे हिला.

यजमान कॉलेजात शिकवत. आवाजाचं चित्र काढत: कोणत्या क्षणी कोणता सूर. त्या चित्रात दोन खऱ्या आवाजांच्या मधोमध एक खोटा डाग उमटतो. तो गाळणारी चाळणी, त्यांच्या भाषेत कर्नेल, घडवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. एकदा स्वतःच्या हृदयाचा आवाज घेतला. माइक मी धरला. दोन ठोक्यांच्या मध्ये डाग आला.

"हे काय?"

"भूत शे ते, यशोदा. खरं नही." साक्रीचा माणूस, खुशीत असला की अहिराणी बोले.

कर्नेल लावलं, डाग गेला. पुढे जिन्यात दम लागायचा. मी डॉक्टरचं नाव काढलं की ते चित्र समोर धरत, "बघ, स्वच्छ." चौथ्या महिन्यात फाटकाशी पडले ते उठले नाहीत. हृदयाची झडप अरुंद झाली होती. तिची घरघर नेमकी त्याच जागी ऐकू येते, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

३. पहिल्या वहीत त्यांचीच परीक्षा लिहिली आहे: एक ठोका कापून चित्र पुन्हा काढा, भूत असेल तर जाईल. ते शिकायला मला दोन वर्षं लागली. मग ती त्यांच्याच रेकॉर्डिंगवर केली. डाग गेला नाही. ही परीक्षा त्यांनी वह्यांत नोंदलेल्या सगळ्यांच्या हृदयांवर केली, स्वतःचं सोडून.

पुनम हे कर्नेल खेड्यांतल्या हृदयतपासणीला देणार आहे. अट एकच: गाळलेलं आणि न गाळलेलं, दोन्ही चित्रं त्यांच्या नावासकट छापावीत. नाहीतर वह्या माझ्याबरोबर जाळाव्यात. "दादाची चूक चव्हाट्यावर कशाला?" असं रतिलालभाऊ म्हणतात. दादा गेले, भाऊ. चूक अजून चालू आहे.

४. यातून मला शांती मिळेल असं कोणी समजू नये. माइक त्यांच्या छातीवर धरताना माझ्या बोटांना खालून थरथर लागत होती. मी ती यंत्राची समजले.

५. मूळ रेकॉर्डिंग एकेचाळीस सेकंदांचं आहे. शेवटी माझा आवाज येतो, "झालं का?" यजमानांनी तो चित्रातून काढला होता. तो आता कोणी काढू नये.

वाचून, समजून सही केली.

यशोदाबाई प्रेमराज भंगाळे

आमच्यासमोर सही झाली:
साबेरा कय्युम पिंजारी, शेजारी
कौतिक निंबा महाजन, निवृत्त शिक्षक

जळगाव, १४ नोव्हेंबर २०२४