सुलभाकाकूंची तालीम

शनिवार संध्याकाळ, कॉव्हेंट्री

मागची शेड, किचनची कपाटं आणि इंडियाहून पहिल्यांदा येणाऱ्या आई-वडिलांसाठीची पुस्तिका. तिन्ही माझ्या हातची, कुणाकडे न शिकता. पुस्तिकेत सगळं आहे: व्हिसा, विमा, औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, दुधाचे पदार्थ चालत नाहीत म्हणून पेढे आणायचे नाहीत, गर्दीत पर्स पुढे धरायची. शिवाय व्हिडिओ कॉलवर मी इमिग्रेशन ऑफिसर होऊन तालीम घेतो.

आज इथेच राहणाऱ्या समीरच्या आईची, नागपूरच्या सुलभाकाकूंची पाळी. समीर माझ्या शेजारीच बसला होता. मी विचारलं, "कशासाठी आलात?"

"नातीला सांभाळायला! सून कामावर जाते ना."

सगळ्याच आज्या हे अभिमानाने सांगतात. इथे ते काम धरतात, आणि व्हिजिटरला काम चालत नाही. परत पाठवू शकतात.

समीर म्हणाला, "काका, 'फिरायला' एवढंच म्हणायला शिकवा तिला."

"येताहेत का फिरायला?"

"सहा महिन्यांची नर्सरीची फी वाचेल हो."

काकू तिकडून म्हणाल्या, "खोटं बोलले की माझे कान लाल होतात रे."

मी समीरला सांगितलं, मुलीला नर्सरीत घाल आणि आईला महिनाभर खरंच भेटायला बोलाव. तो कॉल बंद करून उठला. म्हणजे आता काकू येणारच नाहीत? नातीला त्यांनी अजून कडेवरही घेतलेलं नाही. फार ताठ वागलो का मी? पण काउंटरवर त्या एकट्या उभ्या असणार, ते लाल कान घेऊन. तिथे समीर नसणार, मीही नसणार.

दारात बूट घालताना तो हळूच म्हणाला, "काका, तेवढं उत्तर पाठ करून घ्या, पाचशे पाउंड देतो." मी नको म्हटलं.