उकिरड्यावरचा दिवा

आत्ती, शेणाची बुट्टी मी उकिरड्यावर उपडी केली आणि तुम्ही गोठ्याच्या दारातूनच ओरडलात, "काचंला कोंब फुटतोय व्हय गं? काढ ती!" फुटलेल्या कंदिलाची काच शेणात गेली होती. मी नवी सून, कोपरापर्यंत हात घालून तुकडे वेचतेय आणि तुम्ही वर उभ्या राहून म्हणताय, "कुजंल तेच हितं. बाकी न्हाय." दिवाळीच्या पाडव्याला त्याच उकिरड्यावर तुम्ही दिवा ठेवायच्या, देवापुढं वाकावं तशा वाकून.

तुम्ही गेलात, मग तुमचा लेकही गेला. आपलं गाव, पिरनवाडी, वाढलं. गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या आणि आपल्या उकिरड्यावर प्लास्टिक, बाळांचे डायपर, इंजेक्शनच्या सुया पडू लागल्या. पेट घेईल या भीतीनं मी दिवा ठेवायचं सोडलं. यंदा उन्हाळ्यात पंचायतीनं मुरूम टाकून उकिरड्याचा खड्डाच बुजवायचं ठरवलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा.

तुमच्या लेकामागं घर खायला उठायचं, तेव्हा मी पेपरवरून मराठी वाचायला शिकले, बसच्या पाट्यांवरून कन्नड. इंग्रजी अक्षरं मात्र जुळवली ती उकिरड्यावरच्या पार्सलच्या पाकिटांवरून. प्रत्येकावर नाव आणि पत्ता! मग काय, ज्याचा कचरा त्याच्याच पाकिटात भरून दारात उभी राहायची. "पार्सल आलंय तुमचं." कोपऱ्यावर ब्लाऊज शिवणारी लई तापली. "आक्का, इलेक्शनला उभ्या ऱ्हाणार हायसा व्हय?" "न्हाय गं. पर तुझं पार्सल रोज आणून देणार."

गल्लीत पहिल्यांदा दोन बादल्या तिच्याच दारात दिसल्या. चिंध्या आणि प्लास्टिक पंचायतीच्या गाडीत, भाजीची देठं खड्ड्यात. सुया, डायपर कागदात गुंडाळून वेगळे. मग बाकीची दारंही वळली. पाऊस सरता सरता वास गेला; खाली काळं, भुसभुशीत खत, तुमच्या वेळचं. पंचायतीचा मेंबर आला, मूठभर खत हातात घेऊन हुंगून म्हणाला, "ऱ्हाऊ दे हा खड्डा." जिंकलो, आत्ती!

पाडव्याला दिवा ठेवला. गल्ली जमली होती. तुमचा लेक असता तर मागं उभा राहून गालात हसला असता. हे पत्र कुठं जायचं नाही आणि तुम्हाला तर वाचताही येत नव्हतं, म्हणून सांगते: दिवा ठेवण्याआधी, कुणी यायच्या आत, मी कोपरापर्यंत हात घालून काच शोधली. नव्हती.

दुसऱ्या दिवशी बुट्टीभर खत घेऊन ब्लाऊजवालीच्या दारात गेले आणि म्हटलं, "पार्सल आलंय."