सतराची रायफल

सोमवार, १६ नोव्हेंबर १९९८

लाडक्या आर्डिस,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडली की माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचंही वय झालं, त्याला काय बोलणार. काल आईने बटाट्याच्या पातळ पोळ्या, आपल्या लेफ्से, लाटल्या आणि तुझ्या आठवणीने दोन जास्त लाटल्या. त्या मीच खाल्ल्या. आमच्या जावयाला, डेलला, सांग, वायोमिंगचा वारा शिव्या घालून थांबत नाही. इथे मॉन्टानात मी चाळीस वर्षं घालून पाहिल्या.

आता तुझा प्रश्न. फरसाठी कायोटी आणि कोल्हे मारायचे, तर कुठल्या कॅलिबरची रायफल घ्यावी? दुकानदाराला विचारलं असतंस तर पडून असलेली रायफल तुझ्या गळ्यात मारली असती त्याने. बापाला विचारलंस ते बरं केलंस.

दोनशे त्रेचाळीस कॅलिबरच्या वाटेला जाऊ नकोस. डेलला ती हरणासाठी आवडते ना, मग हरणासाठीच राहू दे. कायोटी म्हणजे लांडग्याचं धाकटं भावंड, भरेल फार तर चौदा-पंधरा किलो आणि कोल्हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. त्याला ती गोळी लागली तर फरच्या व्यापाऱ्यापुढे चिंध्या घेऊन उभी राहशील. आपला फेरिस म्हातारा आठवतो ना? फरमध्ये फुंकर मारून खालची लव बघायचा आणि भोक सापडलं की त्यातून बोट काढून मला दाखवायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "आल्विन, हा कोल्हा तू मारलास की याच्याशी भांडलास?"

बावीस-अडीचशे चांगली आहे, वाऱ्याला जुमानत नाही. पण कधीकधी पलीकडून बाहेर पडताना मुठीएवढं भोक पाडते, मग हिवाळाभर सुईदोरा घेऊन बसा. तुझ्या आईने आतल्या बाजूने किती कातडी शिवली असतील, मोजदाद नाही. माझ्या सदऱ्यांची बटणं मात्र तुटलेलीच राहिली.

तू दोनशे तेवीस घे. काडतुसं कुठल्याही गावात मिळतात, खांद्याला धक्का कमी बसतो. आत गेल्यावर फुटणारी हलकी गोळी निवड. वारा आडवा असेल तर जनावर जवळ येऊ दे. घाई तुझ्या स्वभावात नाहीच, ती माझ्या स्वभावात होती.

खरं तर पत्र इथे संपायला हवं. पण तू पुढे विचारलंयस, "बाबा, तुमची ती सतरा कशी आहे? बारीक गोळीची, दारावर टांगलेली. तुम्ही ती वापरायची का सोडलीत? तशीच घेऊ का?" आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंयस, "मी अजून रोज संध्याकाळी फाटक दोनदा तपासते, डेल मला हसतो."

शुक्रवारपासून हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींत मी लिहिलं होतं की सतराची गोळी वाऱ्यात भरकटते, म्हणून सोडली. ती भरकटते हे खरं आहे, पण मी त्यासाठी सोडली नाही. दोन्ही पत्रं चुलीत गेली. आज सकाळी आईने तुझं पत्र पुन्हा वाचलं, ती फाटकाची ओळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आता तरी लिही तिला." मी म्हटलं, काय लिहू? ती म्हणाली, "तुझं त्या दिवशीचं जाकीट मीच धुतलं होतं, आल्विन."

एकोणीस वर्षं तिला ठाऊक होतं.

आर्डी, तुझी कुत्री बिस्किट कुठे पळून गेली नव्हती. तू दहा वर्षांची होतीस तेव्हा. मी उजाडताना ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बसून कायोटीला जवळ बोलवायला सशाच्या किंकाळीची शिट्टी वाजवत होतो. ससा म्हटलं की त्या कुत्रीला भान राहत नसे, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. आणि तिचा रंग तर थेट कायोटीचा, आपण तिला त्यावरून चिडवायचो. सेजच्या झुडपांतून दोन कान आले, थोडी पाठ दिसली. मी तेवढ्यावर चाप ओढला.

जवळ गेलो तेव्हा गळ्यात तू विणलेला निळा पट्टा दिसला. सतराची गोळी आत जाते आणि बाहेर पडत नाही, म्हणून तर फरवाले तिच्यावर जीव टाकतात. मला तिच्या अंगावर भोकच सापडेना. केस बाजूला करकरून मी शोधत होतो. वाटत होतं, लागलीच नसेल, आत्ता उठेल. तिला छातीशी उचलून नेलं, तिचे केस जाकिटाला चिकटले, आणि मी तिथेच टेकाडाखाली तिला पुरलं.

घरी आलो तर तू अंगणात हाका मारत होतीस. तू मला विचारलंस, "बाबा, मी काल फाटक नीट लावलं नव्हतं का?" आणि मी म्हटलं, "नसशील लावलं." एवढंच. माझी सगळी लबाडी त्या दोन शब्दांत आहे. पुढचे दोन हिवाळे तू रोज शाळेतून आलीस की फाटकाशी उभी राहून शीळ घालायचीस. मी शेडमध्ये कातडी ताणत बसायचो आणि तुझी शीळ थांबेपर्यंत बाहेर यायचो नाही. मला माझी लाज वाटते, पोरी. तेव्हाही वाटत होती, पण दरवर्षी सांगणं अजून अवघड होत गेलं.

म्हणून सतरा घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. रायफलीचा त्यात काही दोष नाही. कुठलीही घे, पण जनावर पुरतं दिसेपर्यंत चापावर बोट ठेवू नकोस. हे मी तुला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

नाताळला येणार म्हणाली होतीस. आता यावंसं वाटलं नाही तर आई समजेल, मीही समजेन. आलीस तर टेकाडाखालची जागा दाखवीन. तिथे मी एक दगड ठेवलाय.

आणि एक. त्या पहाटे गाडी मी फाटकाबाहेर काढली. थंडीत हातमोजा काढायचा कंटाळा केला आणि कडी न घालताच गेलो. आदल्या संध्याकाळी तू ती घातली होतीस, पहाटे मी स्वतः उघडली. आजपासून फाटक एकदाच तपास, आर्डी.

तू ते नीट लावलं होतंस.

तुझा,
बाबा